गच्चीवरनं घावलेला तारा

राजारामपुरीतल्या दातांच्या दवाखान्यात अनुजा सुजलेला गाल धरून बसली होती. शेजारच्या नवराबायकोचं बोलणं तिला ऐकायचं नव्हतं, पण कोल्हापुरात कानात सांगितलेली गोष्टसुद्धा चौकात ऐकू जाते.

“संयोगिता, मला नवा तारा घावलाय.”

“कुठं?”

“आपल्या गच्चीवरनं. इन्फ्रारेड फोटोत डोळ्याला न दिसणारा उजेड येतोय. त्यो उजेड अडवणारी कॅमेऱ्यातली काच उगंच काढून घेतली न्हाय मी.”

“जोतिबाची आण घिऊन शिगरेट सोडलीसा आनि ह्यो नाद लावून घेतलासा.”

“चांगलाच नाद हाय की. ह्यो बघ फोटोत, समोरच्या केरबाकाकांच्या घरावर. सगळं आभाळ सरकतंय, ह्यो जागचा हलत न्हाय. तुझंच नाव ठेवणार हाय त्याला.”

“अवं, ह्यो काकांचा कॅमेरा हाय. चोरांसाठी बसवलाय. त्याच्या दिव्याचा उजेड बी डोळ्याला दिसत न्हाय.”

“तुला कुणी सांगितलं?”

“काकांच्या बायकोनं, बनाकाकूंनी. मोबाईलवर दावलं की मला. आपली गच्ची दिसती त्यात.”

“सगळी?”

“सगळी. त्यांना बी एक तारा घावलाय.”

“कुठं?”

“तुमच्या तोंडाम्होरं. दम वढला की झगमगतोय, सोडला की मंद हुतोय.”

अनुजानं हसू दाबलं, तशी दाढेतनं कळ मस्तकात गेली. नवरा भिंतीवरचं दातांचं चित्र बघत बसला.

“आता ह्याला काय नाव ठेवू, तुम्हीच सांगा.”