विमानाच्या चौकटीवर अक्षता

...नाही, मले एक सांगा, दाराले नवी कडी बसवली अन् त्याच्या चौकटीले हळदी-कुंकू लावलं, चार अक्षता वाह्यल्या, यात मी कोनाचं घर जाळलं का? तुमच्या घरी चौकट उभी राह्यते तवा तुमी काय करता? सुताराच्या हातात नारळ देता, चौकटीच्या माथ्याले हळकुंड-सुपारीची पुरचुंडी बांधता, अक्षता टाकता, अन् मंगच त्या दारातून पाय आत टाकता. टाकता ना? मंग दार म्हणजे दार. ते कुडाच्या घराचं असो, सिमेंटच्या घराचं असो, का विमानाचं असो. तुमाले सांगतो, मी शाळेची पायरी चढली नाही, अक्षरं शिकली ते किरान्याच्या पुड्यायचे कागद वाचून, तेल-मिठाचे डाग पडलेले, अर्धी बातमी हाये तं अर्धी दुसऱ्याच्या पुडीत गेली... पन एवढं मले समजते का ज्या दारातून मानसं आत-बाहेर करतात त्याले हात जोडा लागते. हे त्या विमानवाल्यायले समजत नाही, तं मी काय करू? अन् आता सारे मलेच बोलून राह्यले. सून बोलते, शेजारीन बोलते, नेरच्या स्टँडवर तो कंडक्टर, काल-परवाचं पोट्टं, तिकीट फाडता फाडता म्हणते, शकुआजी, आज कोनतं विमान थांबवाले निघाली?

विमान पडलं नाही, हे अगुदरच सांगून देतो. कोनाले खरचटलंही नाही. पन माझ्या नातीच्या हाती येऊन राह्यलेला हक्क गेला, अन् तो माझ्यापायी गेला असं म्हणतात. म्हणू द्या. पन म्हनाच्या पहिले ऐका.

माझी नात दिपाली. विमानाचे दरवाजे तपासते. लोक इचारतात, नात काय करते, मी सांगतो, तं म्हणतात, म्हणजे ती ना, दाराजवळ उभी राह्यते, हात जोडून या-बसा करते, लाल साडीवाली? नाही बाप्पा, ती वेगळी. ही तेलकट कपड्यातली. हिच्या नखात ग्रीस राह्यते, हिचं लग्न जमवाले पाहुणे आले तं ते अगुदर नखंच पाह्यतात. नागपुरात राह्यते, तथून जिथं विमान उभं असन तथी जाते. दाराचं एकेक बिजागर, एकेक कडी, कडेचं रबर, टॉर्च लावून पाह्यते. दातायचा डॉक्टर कसा काडीले बांधलेला आरसा तोंडात घालते, तसा आरसा फटीत घालून मागून पाह्यते. मी म्हटलं, अवं, दाराचं एवढं काय पाह्यनं, लागते का नाही लागते एवढंच ना? तं म्हणे, आजी, लागल्यासारखं दिसनं वेगळं अन् लागनं वेगळं.

अन् तिनं मले सांगतलं का कुठं दूरच्या मुलखात अशाच एका लहान्या विमानाचं दार हवेत उघडलं. तं मंग हुकूम निघाला का या जातीचं विमान जगात जिथं जिथं असन तथी त्याच्या दाराच्या कड्या तपासा, जुन्या काढा, नव्या बनावटीच्या बसवा, अन् तोवर ते उडवू नका. जगात. ऐकून राह्यले ना? एक दार उघडलं, तं जगातले सारे दार तपासले. मी भाकर थापून राह्यली होती, माझा हात तसाच परातीत राह्यला.

काहून, तं माझा सुनील. दिपालीचा बाप. तुमच्यातल्या जुन्यायले माहीत हाये, नव्यायले सांगतो. नेरचा बाजार करून काळी-पिवळीनं घरी येऊन राह्यला होता. त्या जीपचं मागचं दार सुतळीनं बांधलेलं राहे. साऱ्या गावाले माहीत होतं. कोनी म्हटलं का बाबू, हे दार दुरुस्त कर, तं ड्रायव्हर काय म्हणे? काही होत नाही, बसा. अन् आपन बसत होतो. तुमी बसल्या, मी बसली, बाळंतीन पोरीले घेऊन बसली. काही होत नाही. वळनावर सुतळी तुटली, अन् दाराले टेकून बसलेला माझा सुनील रस्त्यावर आला. मांगून ट्रक होता. पुढचं सांगत नाही. पन हे सांगतो का तेरवी झाल्यावर मी त्याच रस्त्यानं गेली, तं तीच जीप उभी, अन् दार पुन्हा सुतळीनंच बांधलेलं. नव्या सुतळीनं. आमच्या इकडे सुधारना म्हणतात ते हेच, नवी सुतळी.

तवापासून दिपाली दार पाहे. एसटीत बसली का अगुदर दाराची कडी हालवून पाहे. शाळेत, गिरणीत, कोनाच्याही घरी गेली का दाराजवळ जाऊन उभी. लोक म्हणत, पोरीच्या डोक्यावर परिनाम झाला. झालाच. असाच परिनाम आनखी चार जनायवर झाला असता तं बरं झालं असतं.

आता मुद्द्यावर येतो. येऊनच राह्यली, घाई कायची हाये? तं यवतमाळले धावपट्टीवर एक लहानंसं विमान उभं होतं, नव्या पोरा-पोरीयले उडवाले शिकवतात ते. त्याच जातीचं. त्याच्या दाराची कडी बदलाले दिपाली नागपूरवरून आली, अन् तिच्या मांगं तिचा मोठा साहेब, इम्तियाज साहेब. पुसदचा मानूस, बापाचं मोटारीचं गॅरेज होतं, कमी बोलनारा. आतापर्यंत दिपाली काम करे अन् सही दुसरा करे. हे एक काम साहेबाच्या डोळ्यादेखत नीट झालं, तं दरवाज्याच्या कामावर तिची सोताची सही चालनार होती. तुमाले वाटन, सहीचं काय एवढं? आमच्या घरात तिच्या बापाच्या पिढीपर्यंत अंगठा होता. अन् पोरगी लिहिनार का हे दार मी पाह्यलं, यातून मानूस पडनार नाही. समजलं का मले काय वाटत असन?

मंग मी राह्यतो का घरी? वांग्याची भाजी केली, पोया केल्या, ठेचा घेतला, अन् बसली एसटीत. फाटकावरचा शिपाई म्हणे, आत जाता येत नाही. म्हटलं, बरं, मी इथंच उन्हात बसतो, पडली तं तुह्या नावानं पडीन. त्यानं दिपालीले बोलावलं. ती साहेबाले जाऊन बोलली, अन् साहेब म्हणे, तुझ्या जिम्मेदारीवर बसव, पन सावलीत, विमानापाशी नाही. तुमी म्हनान, आजी, तुले सांगतलं होतं ना. हो, सांगतलं होतं. विमानापाशी बसू नको म्हणून सांगतलं होतं. मी बसली कुठं?

सकाळपासून मी पाह्यलं. तिनं दाराच्या आतलं पत्र्याचं झाकन खोललं, जुनी कडी काढली, नवी बसवली, मोजलं, पुन्हा मोजलं. साहेबानं काडीचा आरसा घालून पाह्यलं, दार दहादा उघडलं, दहादा लावलं, अन् एवढंच म्हणे, बराबर. एवढ्या एका शब्दासाठी माझी पोरगी उन्हात काळी पडली. मंग सारे हात धुवाले गेले. दार उघडं. कडी नवी. कोनी आजूबाजूले नाही. तुमीच सांगा, अशी कोरी, बिनपूजेची चौकट पाहून कोन्या बाईचा जीव राह्यते? पदराच्या गाठीत हळद-कुंकू होतं, कुंकवानं लाल केलेले तांदूळ होते. मी दोन बोटं हळद लावली, दोन बोटं कुंकू लावलं, अन् मनातल्या मनात म्हटलं, माय, यातून जो जाईन तो घरी येऊ दे. अन् अक्षता टाकल्या. मूठभर. मनापासून टाकल्या.

माझं अन् दिपालीचं जेवन झालं. साहेब अजून ठेच्यात पोयी बुडवून राह्यला होता, अन् दिपाली शेवटची चक्कर माराले विमानाजवळ गेली. तेवढ्यात त्या शिकवनाऱ्या कंपनीचा मॅनेजर आला, भीमसिंग. पोट्टे खोळंबले, म्हणे, आज संध्याकाळच्या आत विमान द्या.  दिपाली चौकटीवरचं कुंकू पाहून राह्यली होती. मंग वळून मले इचारते, "आजी, किती टाकल्या?"

किती टाकल्या. आता अक्षता मोजून टाकते का कोनी? लग्नात इचारते का नवरदेव, काकू, तुमी किती दाने टाकले? मी म्हटलं, मूठभर असन. तिचं तोंड उतरलं. खाली बसली, अन् रबराच्या खाचेतून, उंबरठ्याच्या फटीतून एकेक दाना चिमट्यानं काढाले लागली. मी म्हटलं, मी निवडून देतो, जलमभर तांदूळच निवडले. तं मले हात लावू देला नाही.

भीमसिंग म्हणे, अहो मॅडम, दाने काढले ना, पुसून टाका कुंकू. साहेबानं दार पास केलं, कोनी पाह्यलं नाही, आजीनं चांगल्या मनानंच टाकलं. काही होत नाही.

अन् तुमाले सांगतो, लपवत नाही... मले त्या पोरीची सही दिसून राह्यली होती डोळ्यासमोर. मीही म्हटलं, "दिपे, जाऊ दे वं, काही होत नाही."

तिनं माझ्याकडे पाह्यलं. रागानं नाही पाह्यलं, रागानं पाह्यलं असतं तं मी दोन शब्द उलटे बोलली असती. बापाले घरी आनलं होतं त्या दिवशी दारात उभी राहून पाह्यलं होतं, तसं पाह्यलं. अन् म्हणे, "आजी, तू म्हणून राह्यली हे?"

बस. एवढंच. उठली, साहेबाच्या समोर जाऊन उभी राह्यली, अन् म्हणे, साहेब, दार पुन्हा खोला लागन, आजीनं अक्षता टाकल्या, कडीच्या भोकात गेल्या असतीन. भीमसिंगनं कपाळाले हात मारला. साहेबानं पोयी खाली ठेवली, हात धुतले, आला.

आता मी काय गप्प बसनारी हाये? मी म्हटलं, साहेब, एवढं लोखंडाचं धूड, हवेत उडते, पाऊस-वारा झेलते, अन् तांदळाच्या दान्याले भेते? आमच्या देवाची अक्षता हाये, काही विंचू नाही. त्यानं दिपालीनं काढलेला एक दाना घेतला, चौकटीत कडी जिथं जाऊन बसते त्या भोकात टाकला, दार लावलं, मुठीचा दांडा फिरवला. दांडा पुरा फिरला. दार लागलं. मी म्हटलं, पाहा, लागलं ना? तं म्हणे, आजी, ढकला. कशानं ढकलू? म्हणे, एका बोटानं.

मी एक बोट लावलं. दार उघडलं.

...एका बोटानं उघडलं बाई. ना आवाज, ना काही. मले तथी विमान दिसलं नाही, वळन दिसलं.

मंग साहेब हळूच म्हणे, "आजी, जे दाने सापडले ते ठीक. न सापडलेले किती, ते तुमी सांगता का?"  त्यायनं आतलं झाकन पुन्हा खोललं, अन् पार तळाशी, तारांच्या मांगं, एक लाल दाना निघाला. मंग आनखी एक. त्या दिवशी विमान उडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

अन् दिपालीची सही? राह्यली. साहेब म्हणे, काम चांगलं केलं, खरं बोलली, पन दाराजवळ कोन येते हे पाह्यनं बी तिचंच काम होतं, म्हातारीले आत घेतलं तिनं, अन् पाठ फिरवली तिनं. सही पुढच्या वर्षी पाहू. मी भांडली. म्हटलं, पाप माझं, माझ्यावर टाका. म्हणे, तुमच्यावर कसं टाकू, तुमी आमच्याइथं कामाले नाही. म्हटलं, मंग ठेवून घ्या. तं पहिल्यांदा हासला तो मानूस, पन सही काही देली नाही. अन् खरं सांगू? देली असती, तं मले त्याचा भरोसा वाटला नसता.

घरी येताना एसटीत पोरगी खिडकीतून बाहेर पाहून राह्यली होती. मी म्हटलं, माझ्यावर रागावली का? म्हणे, नाही. म्हटलं, मंग बोल ना काही. तं म्हणे, आजी, आमचा तपासनीचा कागद लंबा असते, लोक कंटाळतात, पन त्याच्यातली एकेक ओळ कोनाच्या तरी चुकीपायी, नाही तं कोनाच्या तरी मरनापायी लिवलेली राह्यते. उगाच कोनी लिहित नाही.

आता मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. म्हणे, आजी, आमच्या कागदात एक ओळ वाढली. काम झाल्यावर दारात, चौकटीत अन् कडीच्या भोकात धान्य, फुलं, हळद-कुंकू राह्यलं नाही याची खात्री करावी. म्हणे, तुह्यी ओळ हाये ती. तिथं बसलेले सारे तिले हासले, अन् ती बी हासून राह्यली होती फोनवर.

मी नाही हासली. मी फोन ठेवला अन् ओसरीवर बसली. माझा सुनील गेला, तरना मानूस, धावता-पळता मानूस... जीपवाल्यायच्या कागदात ओळ वाढली का? कोन्या हापिसात, कोन्या भिंतीवर, कुठं एक अक्षर? दार सुतळीनं बांधू नये, एवढं लिहाले काय शाई लागते? सून बाहेर आली, म्हणे, मामीजी, डोळ्यात पानी काहून? म्हटलं, काही नाही.

म्हातारीचे तांदूळ सांडले, तं त्याची ओळ झाली. जाऊ द्या बाप्पा. मानसाले नाही, तं तांदळाले तरी कोनी हिशोबात धरलं.