साधा वटवट्या गेला कुठे?

"पक्षी डोळ्यांनी नाही, कानांनी ओळखायचा असतो," बोरिवलीच्या कानाच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावरचे काका बायकोला सांगत होते.

"हळू बोला. सगळे बघतायत."

"राखी वटवट्या 'जिमी-जिमी' करतो, साधा वटवट्या किड्यासारखा बारीक किरकिरतो. यंदा साधा कुठेच नाही. बोरिवलीतून संपला! मी पक्षीमित्रांच्या ग्रुपवर जाहीर केलंय."

"अहो, आपल्या खिडकीखालच्या गवतात रोज सकाळी किरकिरतोय तो. झोपू देत नाही मला."

"तो राखी असेल. तुला काय कळतं त्यातलं?"

"जिमी-जिमी नाही करत हो! किरकिरतोच!"

"मग मला कसा ऐकू येत नाही?"

"म्हणूनच आलोय ना इथं!"

"कानात मळ साचलाय, बस."

"मळ गेल्या महिन्यातच काढला."

"राऊळ! लवू राऊळ!" कंपाउंडरनं तिसऱ्यांदा पुकारलं.

काकू उठल्या आणि हाताला धरून काकांनाही उठवलं.