पेरोनेल बसली आहे

—आधी बसा तर खरं, शिपाईदादा. तलवार खाली ठेवा, बाकाला ओरखडे पडतात. मास्तर गोबेर घरात आहेत का — असं एकदम विचारतात होय? बिशपसाहेबांची माणसं तुम्ही, जरा दमानं घ्या. अख्ख्या पॅरिसात विचारा, पेरोनेलनं वाइनमध्ये पाणी घातलं असेल — शब्दात कधी नाही. म्हणून उत्तर सावकाश देते. घ्या, ही बिनपाण्याची.

मास्तर माझ्या वरच्या खोलीत भाड्यानं राहतात, हे खरं. विद्यापीठात तर्क शिकवतात, हेही खरं. आणि तक्रार त्यांच्याच विद्यापीठातल्या मास्तर रिशार्दनी केली — हो ना? नजर चुकवलीत, म्हणजे त्यांनीच. मग वादसभेत काय झालं तेही ऐका. बाईमाणसाला आत कोण घेतंय, पण सभा सुटली की सगळी पोरं इथंच येतात प्यायला, आणि प्यायली की सभा पुन्हा भरते.

प्रश्न होता, सत्य राहतं कुठं? आमचे मास्तर म्हणाले, डोक्यातलं आणि बाहेरचं जुळलं की तिथं. दाखला दिला — पेरोनेल चुलीपाशी बसली आहे, असं मी म्हणालो, वाक्य खरं. ती उठली, की तेच वाक्य खोटं. वाक्य जागचं हललं नाही, पेरोनेल हलली. झालं! रिशार्द उसळले — दाखल्यात सगळे जण सॉक्रेटिसला बसवतात, तुम्हाला ही गुत्तेवाली बरी सापडली! आणि सत्य हिच्या बुडाखाली असेल, तर देवाच्या मनातल्या सत्याचं काय? तर मास्तर म्हणतात कसे, देवाचं सत्य कधी हलत नाही. पेरोनेल कधी बसते, कधी उठते, ते त्याला आधीपासून ठाऊक आहे. मला मात्र रोज बघावं लागतं.

सभा हसून लोळली, दादा. रिशार्द लाल! आणि आता म्हणे मास्तर पाखंडी. का, तर सत्य बदलतं म्हणाले. — रोज बघावं लागतं, असंच म्हणाले हं. सगळ्या पोरांनी ऐकलंय. मी काही विचारायला गेले नव्हते, आपलं तिघाचौघांकडून वदवून घेतलं, इतकंच. — हसता काय? अजून एक पेला घ्या.

थांबा, खिडकीतून बघू द्या... गेली. पुलापलीकडं गेली बोट. — बोट? मी बोट म्हटलं? नदीला पूर आहे, दादा, आता मागं पळून उपयोग नाही, पाय तेवढे भिजतील. बसा. हां, आता विचारा तुमचा प्रश्न. मास्तर गोबेर घरात आहेत का? नाहीत! क्रूसावर हात ठेवून सांगते. तुम्ही आलात तेव्हा हेच म्हटलं असतं, तर मेल्यावर नरकात गेले असते. दुसऱ्या पेल्याच्या वेळी मागच्या दारानं गेले ते, पिंपांच्या गाडीवरून, थेट घाटावर. वाक्य तेच — मी फक्त ते खरं व्हायची वाट बघितली.

काय? परत येणार का?

मास्तर म्हणायचे, उद्याचं वाक्य आज खरंही नसतं आणि खोटंही नसतं. पोरं भांडायची त्यावर. मला तेव्हा... ते राहू द्या.

खोली बघायचीय तर जा वर, बघून घ्या. बिछाना तेवढा विस्कटू नका.