खुर्चीवरची हजेरी

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आपल्या कंपनीचे संचालक ललितराव बोरस्ते, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती सुनील खैरनार साहेब, आणि उड्डाणपुलाच्या कामावरचे माझे सहकारी बंधू-भगिनी, आपणा सर्वांना नमस्कार. मी तृप्ती देवरे. खैरनार साहेब मोठ्या पदावर मुंबईला निघाले आहेत आणि त्यांच्या जागी अभियांत्रिकी व्यवस्थापक म्हणून मालेगावच्या कामावरून माझी बदली झाली आहे. दोन शब्द गोड बोलावेत, असं संयोजकांनी सुचवलं. प्रयत्न करते.

साहेबांच्या कर्तृत्वाबद्दल आधीचे वक्ते भरभरून बोलले. दहा लाख तास काम आणि एकही अपघात नाही. सोमवारी त्यासाठी पारितोषिक समिती पाहणीला येणार आहे. एवढं मोठं काम, एवढी उंची, आणि कुणाला साधं खरचटलंही नाही? मलाही नवल वाटलं. हे साधलं तरी कसं, म्हणून गेल्या आठवड्यात मी साइटवर फिरायला निघाले.

फाटकाशीच, प्लास्टरमधला पाय पुढे करून एक गृहस्थ खुर्चीवर बसले होते. सुरगाण्याचे मल्हारी भोये. सळई बांधायचं काम करायचे. परांचीवरून पडले आणि नडगी मोडली. आता इथला हिशेब आपण जाणताच. अपघातामुळे माणूस एक दिवस जरी कामावर आला नाही, तर अपघात मोजायचा. रोज आला, तर मोजायचा नाही. साहेबांनी जीप पाठवली आणि दुसऱ्याच सकाळी मल्हारींना म्हसरूळच्या खोलीतून उचलून आणलं. तेव्हापासून रोज आणतात. काम काय, तर येणाऱ्या-जाणाऱ्याने हेल्मेटचा पट्टा लावलाय का, ते पाहायचं. सुरक्षेची ही कळकळ पाहून माझं डोकंच फिरलं.

डॉक्टरांनी पाय उंचावर ठेवून पडून राहायला सांगितलं होतं. रोजच्या धक्क्यांनी हाड सरकलं. आता ऑपरेशन हवं, ताबडतोब हवं, नाहीतर पाय कायमचा वाकडा राहील, असं त्यांनी बजावलं. मग ते कुणी लांबवलं? पाहणी उरकली की करू, असं मल्हारींना सांगण्यात आलं. ऐकलं नाही तर बायकोचंही काम जाईल, हेही सांगण्यात आलं. त्यांच्या पत्नी भागीबाई इथेच काँक्रीटवर पाणी मारतात. त्या माझ्याशी फार बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाई, सोमवारनंतर केलं तरी त्याला नीट चालता येईल का? खोटं नका सांगू."

साहेब, घड्याळ पाहू नका, आटोपतंच आहे.

मी साहेबांना दोनदा भेटले. दोन्ही वेळा चहा मिळाला. सह्यांचा अधिकार त्यांचा होता, मी पाहुणी होते. काल संध्याकाळी सूत्रं माझ्याकडे देताना ते म्हणाले, "मॅडम, सोमवारपर्यंत त्याला तेवढा खुर्चीत बसवा. मग तुम्ही मोकळ्या." मला या माणसाबद्दल आदर नाही. निरोपाच्या दिवशी असं बोलू नये, हे मला कळतं. पण एका माणसाचा पाय पणाला लावून सत्कार घेऊ नये, हे साहेबांना कळायला नको होतं का?

अध्यक्षमहाराजांची चिठ्ठी आली आहे. भाषण आवरतं घ्या म्हणतात. घेते.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. मला यायला उशीर झाला आणि सगळ्यांना ताटकळावं लागलं, त्याबद्दल क्षमा असावी. मल्हारींना ऑपरेशनसाठी आत नेईपर्यंत भागीबाईंनी माझा हात सोडला नाही. आज मल्हारी गैरहजर आहेत. कारण 'कामावर अपघात', असं मी माझ्या सहीने लिहिलं आहे आणि समितीलाही सकाळीच कळवलं आहे. तेव्हा सोमवारच्या पाहुण्यांसाठी सांगितलेलं जेवण संयोजकांनी रद्द करावं. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर पोटात घालावं. नमस्कार.