आत्यानं काढलेली माहिती

आत्याले कॉलेजात नेऊन माझी कशी फजिती झाली, ते ऐका. मी दिग्रसच्या एका कॉलेजात शिकवते. विद्यापीठानं आमच्याकडे सायबर धोक्यांवर जाहीर व्याख्यान ठेवलं होतं अन् पाहुण्यांची व्यवस्था माझ्याकडे होती. वक्ते नागपूरचे, तरुण, बिनलग्नाचे. आत्या वर्षभरापासून माझ्यासाठी पोरगा शोधून राह्यली होती. भाषणाआधी ती चहा घेऊन त्यांच्याजवळच बसली. जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव, घरचं लाडाचं नाव, त्यांनी सगळं हसत हसत सांगितलं.

मग भाषणात ते म्हणाले, "फसवणारा आधी गोड बोलतो. मग जन्मतारीख विचारतो, आईचं माहेरचं आडनाव विचारतो..." अन् बोलता बोलता थांबून ते पहिल्या रांगेत बसलेल्या आत्याकडे पाहतच राह्यले.

आत्या शांतपणे म्हणाली, "थांबले काहून, सर? मी तं पत्रिकेसाठी विचारलं. पोरगी हे बाजूलेच बसली आहे."

सारा हॉल हसला. मले मान वर करवेना.

संध्याकाळी त्यांचा मेसेज आला, "सगळे पासवर्ड बदलले. पत्रिकेचं काय झालं?"