गुळवेलीचा काढा आणि माझा पुरावा

माझं काम काय, तर हायडेलबर्गच्या एका लॅबमध्ये तापावरच्या औषधी वनस्पती तपासायच्या. आता अशा बाईच्या लेकीला नेमका ताप यावा आणि घरात सासूबाई भारतातून आलेल्या असाव्यात, म्हणजे बघा.

इराचं अंग तापलं आणि आईंनी लगेच गुळवेलीचा काढा उकळायला ठेवला.

"आई, नको. यकृतावर त्याचा काय परिणाम होतो, ते आम्ही अजून तपासतोय."

"केव्हापासून तपासतेयस गं!"

"लहान मुलांवर त्याची चाचणी झालेली नाही."

"झालीये की. तुझ्या नवऱ्यावर."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो शहाण्यासारखा फोनमध्ये बघत बसला होता. खरं सांगू? लेकीचं तापलेलं कपाळ बघून मलाही वाटून गेलं, द्यावा का एक चमचा?

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आईही हट्टाने आल्या. बाईंनी इराचा घसा, कान, छाती नीट तपासली. "तर, व्हायरल आहे. विश्रांती द्या, आणि लिंडेनच्या फुलांचा चहा पाजा."

सवयीने माझ्या तोंडून गेलं, "याला काही पुरावा?"

त्या हसल्या. "माझी आजी द्यायची."

आईंना जर्मन येत नाही. "काय म्हणाल्या गं?"

"फुलांचा काढा द्या म्हणाल्या," मी पुटपुटले. "त्यांची आजी द्यायची म्हणून."

आईंनी शांतपणे कोटाची बटणं लावली. "म्हणजे आजीचं औषध चालतं. आजी तेवढी जर्मन हवी."