आजोबा, स्पीकर बंद करा!

...आणि वर मलाच म्हणतात, "ए पोरी, जरा हळू बोल!" मला! सातारा–शिराळा बसमध्ये अख्ख्या गाडीत तोंड मिटून बसलेली मी एकटी, कपाळापासून हनुवटीपर्यंत स्कार्फ गुंडाळलेला, डोळे तेवढे उघडे, आणि तेही मिटायचा माझा विचार होता हो! रात्रपाळी करून थेट स्टँडवर आलेले. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आठवड्यापूर्वी फोन, "प्रांजल, शनिवारी घरी पूजा हाय, यायलाच पायजे." मी म्हटलं, आबा, सोमवारी मला चेन्नईला ट्रेनिंगला जायचंय, आमच्या कंपनीतनं मुलींमध्ये मला एकटीला निवडलंय, मी बॅग भरू का पूजेला येऊ? तर म्हणाले, "प्रसाद घे आन् जा की. कोन अडवतंय?"

कोण अडवतंय! तुम्हाला सांगते, मला फक्त दोन तास झोप हवी होती. आणि नेमके माझ्या पुढच्या सीटवर येऊन बसले लालासाहेब.

लालासाहेब म्हणजे रिटायर सुभेदार. नाव मला कसं कळलं? अहो, उंब्रजला चढलेल्या माणसालासुद्धा कळलं! पलटणीत म्हणे रिक्रुटांची परेड घ्यायचे. आता रिक्रूट राहिले नाहीत, आवाज राहिला. आणि फोन कसा धरतात? तोंडासमोर, आडवा, पापड धरल्यासारखा! आता खातील की मग खातील! स्पीकर चालू, आवाज पूर्ण वर, आणि स्वतःही ओरडतायत, म्हणजे पलीकडच्याला फोनची गरजच नव्हती, खिडकी उघडली असती तरी ऐकू गेलं असतं. मी म्हणते, फोन कानाला लावला तर कान झिजतो का?

पहिला फोन म्हशीचा. म्हैस चारा खाईना. आता ही म्हैस कुणाची, लालासाहेबांची. काळजी कुणाला? सगळ्या बसला! मागनं एक धनगर आजोबा उठले, "आवं, पोट तपासा म्हनावं, गच्च असंल!" ड्रायव्हरच्या मागचा एकजण म्हणतो, "हिंग द्या, हिंग!" लालासाहेब फोनमध्ये ओरडतात, "ऐकलं का? हिंग म्हनत्यात हितली मंडळी!" माझ्या शेजारी मनुबाई म्हणून एक मावशी होत्या, मांडीवर मेथीची पिशवी, त्या मला कोपरानं ढोसून विचारतात, "गाभन हाय का गं ती?" मला काय माहीत! मी काय म्हशीची मैत्रीण आहे?

आणि बोलायचं नाही. का? तर मोठी माणसं! मोठ्यांचा मान ठेवायचा. मी हेडफोन न लावता एक रील बघितला असता, तर ह्याच बसनं मला संस्कार शिकवले असते. मोठ्यांना सगळं माफ. पण मी म्हणते, फोन कानाला लावला तर कान झिजतो का?

कऱ्हाडला गाडी थांबली, चहा झाला, गाडी निघाली, मला जरा डुलकी लागली... आणि फोन वाजला. ट्रकचा हॉर्न! रिंगटोन ट्रकचा हॉर्न! मी घाबरून मनुबाईंच्या मेथीत पडले.

पलीकडनं एक खर्जातला आवाज. "लालासाहेब, बाळासो बोलतोय. आमची मंडळी निघाली." आणि हे, "निघा, निघा! म्या बी गाडीतच हाय. मुलीच्या गावाला उतरतो." म्हणजे लग्नाचं काम, आणि हे मध्यस्थ! बस अशी सरसावून बसली म्हणता! मेथी निवडायची थांबली, धनगर आजोबांनी कानावरचा पटका वर सरकवला, कंडक्टर ताई तिकिटाचं मशीन घेऊन तिथंच उभी राहिली.

बाळासो म्हणजे मुलाचा बाप. त्याची काळजी वेगळीच. "आवं, पोरगी बघून माघारी आलो की मुलीकडची फिरत्यात. शेतकरी नवरा नको म्हनत्यात. तीनदा झालं आमच्या विश्वजितचं असं. ह्यावेळी माघारी यायचंच न्हाई." लालासाहेब म्हणतात, "कशाला येताय माघारी? बघायला म्हनून जायचं, सुपारी फोडायची, हळद लावायची, सांजच्याला अक्षता. मांडव घातलाय, भटजी बशीवलाय. एका दिसात खलास!"

बस म्हणाली, "वा!"

खरंच म्हणाली हो. मनुबाई म्हणाल्या, "बरं केलं. आजकाल तसंच उरकावं." कुणीतरी विचारलं, "जेवान काय हाय?" मसालेभात आणि गुलाबजाम, हेही बसला कळलं. आणि मग तो बाळासो जरा आवाज खाली घेऊन म्हणतो, म्हणजे त्याच्या मते खाली, "पर पोरीला कळलं तर वं?" तर लालासाहेब हसले. कसं हसले सांगू? दाराला बाहेरनं कडी घालताना माणूस हसतो, तसं. "कळतंय कसं? घरी पूजा हाय म्हनून बोलावलीया तिला."

कळलं तुम्हाला? ...बघा, तुम्हाला कळलं. मला नाही कळलं. मी इंजिनियर आहे.

मी काय केलं? मी मनुबाईंना म्हटलं, "बघा मावशी, कशी फसवतात बिचारीला!" खरंच वाईट वाटलं हो मला त्या मुलीचं. बिचारी कुठल्यातरी बसमध्ये बसून येत असेल, म्हटलं. आणि वाईट वाटलं की माणसाला जास्त राग येतो, मी उठलेच. "आजोबा, स्पीकर बंद करा!"

लालासाहेब मागे वळले.

"का गं पोरी? तुझं काय दुखतंय?"

"डोकं दुखतंय! ही बस आहे, तुमचा मांडव नाही. तुमच्या म्हशीपासनं गुलाबजामापर्यंत सगळं आम्ही का ऐकायचं? फोन कानाला लावला तर कान झिजतो का?"

झालं! सगळी बस माझ्यावर तुटून पडली. "मोठ्या मानसाशी बोलायची रीत न्हाई!" "तोंड झाकून बसलीया, कुनाची कोन!" धनगर आजोबा म्हणतात, "ए पोरी, जरा हळू बोल!" पण कंडक्टर ताई माझ्याच वयाची. तिनं मशीन काखेत मारलं आणि म्हणाली, "आजोबा, बरोबर हाय त्यांचं. दुसऱ्यांना तरास हुतोय. कानाला लावा." आणि तुम्हाला सांगते, त्या माणसानं वाद घातला नाही. उठून ताठ उभे राहिले, चालत्या गाडीत! "हुकूम तो हुकूम," म्हणाले. स्पीकर बंद, फोन कानाला. मी जिंकले! आयुष्यात पहिल्यांदा एक म्हातारं माणूस माझं ऐकून गप्प बसलं. पेठ नाक्याला गाडी हायवे सोडून शिराळ्याकडे वळली. इतकी शांतता की मेथीची काडी मोडलेली ऐकू येत होती.

आणि परत ट्रकचा हॉर्न.

"हां भाऊसो, बोला."

आता भाऊसो काय, आमच्याकडे दगड मारला तर भाऊसोलाच लागेल. माझ्या वडिलांचं नावही भाऊसो. असू दे. मी डोळे मिटले.

"...व्हय."

"...न्हाई न्हाई, वेळेत हुतंय."

"...भामाबाई काय म्हनत्यात?"

मी डोळे उघडले. भामाबाई माझी आजी.

असतील. असतील दुसऱ्या भामाबाई. आणि मग, तुम्हाला सांगते, मग लालासाहेब फोनमध्ये असे मायेनं म्हणाले, "चेन्नई? आवं, कशाची चेन्नई! अक्षता पडल्यावर कोन जातंय चेन्नईला?"

...

आईनं गेल्या आठवड्यात बांगड्यांचं माप विचारलं होतं. काकूनं ब्लाऊजचं माप मागितलं होतं, शिवांजलीसाठी म्हणाली, शिवांजली माझी चुलतबहीण, अंगानं माझ्या दुप्पट! दादानं माझा साडीतला फोटो मागून घेतला होता, आजीला फ्रेम करायला. आणि मी दिला! स्वतः! फिल्टर लावून!

आणि पलीकडनं आबा काय बोलतायत ते मला ऐकू येईना! माझं लग्न पुढच्या सीटवर चाललंय आणि मला त्यातलं अर्धंच ऐकू येतंय! "...व्हय. ...तसं केलं तर? ...मग कोंडा की खोलीत." काय कोंडा? कुणाला कोंडा? म्हशीला का मला? मी पुढे वाकले, सीटच्या दांड्याला कान लावला, आणि म्हटलं, "आजोबा... स्पीकर चालू करा ना."

त्यांनी फोनवर हात ठेवला. "न्हाई पोरी. दुसऱ्याला तरास हुतो."

"नाही होत! कुणालाच नाही होत! होतो का हो?" सगळी बस ओरडली, "न्हाई! लावा, लावा!" मगापासनं त्यांचीही तळमळ चाललेली, गोष्ट अर्धी तुटलेली. पण सुभेदार! एकदा हुकूम घेतला की घेतला. फोन कानात इतका दाबला की कान लाल झाला. बोलणं संपलं, फोन खिशात. मी विचारलं, "काय ठरलं?" तर मला म्हणतात, "परक्याच्या घरच्या गोष्टी इचारू न्हाईत, बाळ."

परक्याच्या!

बाहेर ओळखीचा ऊस दिसायला लागला. ओळखीची विहीर. आमचा फाटा जवळ येत होता आणि गाडी काही हळू होईना. मग मी काय केलं? मी माझा फोन काढला. आबांना लावला. आणि स्पीकर चालू केला. आवाज पूर्ण वर. हो, मीच! पापडासारखा धरला तोंडासमोर.

"आबा, आज घरी काय आहे?"

"पूजा हाय की गं." असा गोड आवाज. लालासाहेबांनी मान वळवली. तो आवाज त्यांच्या कानात अजून गरम होता.

मी स्कार्फ सोडला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खिशातला फोन काढून फोटो बघितला, परत माझ्याकडे बघितलं. "फोटोत जरा गोरी हाय," म्हणाले.

"आबा!" मी जी ओरडले! "कसली पूजा? भटजी बसवलाय, मांडव घातलाय, मला विचारलंत? मला कोंडणार होतात? मी लग्न करणार नाही! मी सोमवारी चेन्नईला जाणार! तुमच्या त्या विश्वजितला सांगा, घरी जा म्हणावं!"

पलीकडे काहीच नाही. नुसती शांतता. पण मोठी शांतता... माणसांनी भरलेली. भांडं ठेवल्याचा आवाज. कुणीतरी घसा खाकरला. आणि मला उमगलं, आबांचा फोनपण स्पीकरवर होता. भर मांडवात! अहो, ह्यांच्यातल्या एकाचा तरी फोन कानाला लागला असता तर कान झिजला असता का? मग तो खर्जातला आवाज आला, सावकाश, "भाऊसो... ह्योच का पोरीचा आवाज?"

फोन बंद झाला.

मी बसकडे बघितलं. म्हटलं, आता तरी हे लोक माझ्या बाजूनं बोलतील, सगळं कानांनी ऐकलंय! मनुबाईंनी माझा हात धरला. घट्ट. मला रडूच आलं. आणि त्या म्हणाल्या, "उतर बाय. मानसं जेवायची थांबल्यात." धनगर आजोबा म्हणाले, "बापाची अब्रू हाय पोरी." मागनं कुणीतरी माझी बॅग वरनं काढून दाराशी नेऊनही ठेवली. किती मदत!

फाट्यावर आबा उभे होते. एकटेच. नवी टोपी, कपाळाला टिळा. ओरडले नाहीत. नुसते एकेक खिडकी बघत होते. लालासाहेब उतरायला निघाले, दारात वळून मला म्हणाले, "चल." परेडवाला आवाज नव्हता तो. हळू. तुम्हाला सांगते, त्यांचं ओरडणं परवडलं. माझे पाय उठायला लागले हो, सवयीनं! लहानपणापासनं मोठ्यांनी चल म्हटलं की उठतातच. तेवढ्यात कंडक्टर ताईनं माझी बॅग पायानं आत ढकलली. "तिकीट शिराळ्यापर्यंत हाय ह्यांचं," म्हणाली, तिकीट तर फाट्यापर्यंतचंच होतं, आणि दोनदा बेल मारली. दोरी तुटेल अशी.

शिराळ्यात उतरले आणि तशीच कऱ्हाडच्या गाडीत बसले. ती गाडीही त्याच फाट्यावरनं जाते. मी सीटखाली वाकून बसले होते, मांडवातला मसालेभाताचा वास तेवढा आला.

आता मी चेन्नईत आहे. ट्रेनिंग चाललंय. इथं बसमध्ये सगळे फोनवर ओरडतात, पण मला एक शब्द कळत नाही, त्यामुळे झोप छान लागते. आणि लग्न? मोडलं की! पण तुम्हाला काय वाटलं, मी नाही म्हटलं म्हणून मोडलं? माझं 'नाही' कुणी धरलंच नाही. निरोप तिकडनं आला, लालासाहेबांच्या हस्ते, "पोरगी चांगली हाय, शिकलेली हाय, पर फोनवर लय मोठ्यानं बोलती."

आबा दोन आठवडे बोलले नाहीत. परवा आईनं सांगितलं, परत स्थळं बघायला लागलेत. शेती थोडी असली तरी चालेल, म्हणतात, वय जरा जास्त असलं तरी चालेल, अट आता एकच ठेवलीय...

मुलगा जरा कमी ऐकू येणारा हवा.